प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर व्यायामाचे व्हिडिओ बघताना

लघवीसाठी घातलेली नळी निघाली, पॅड लावून घरात वावर सुरू झाला, की बहुतेक पुरुष लघवी गळणं थांबवायचे व्यायाम मोबाईलवर शोधायला लागतात. त्यात गैर काहीच नाही. विषयच असा आहे, की घरात बोलायची चोरी आणि डॉक्टरांसमोर पाच मिनिटांत सगळं विचारून होत नाही. व्हिडिओ मात्र रात्री एकटं बसून दहा वेळा बघता येतो. आमच्याकडे हे व्यायाम शिकायला येणाऱ्यांपैकी बरेच जण असे दोन-तीन व्हिडिओ आधीच करून आलेले असतात. काहींना त्यांचा फायदा झालेला असतो. काही जण महिनाभर मनापासून चुकीचाच स्नायू आवळत असतात. हे पत्रक त्यांच्यासाठी आहे.

अडचण कुठे आहे

बैठक कशी मारायची ते पडद्यावर दाखवता येतं. हा व्यायाम दाखवताच येत नाही. माकडहाडापासून पुढच्या जांघेच्या हाडापर्यंत झोळीसारखे पसरलेले ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आत उचलायचे असतात, आणि नीट उचलले तर बाहेरून जवळजवळ काहीच दिसत नाही. म्हणजे चांगल्या व्हिडिओत शिकवणारा माणूस खुर्चीवर नुसता बसलेला दिसेल. असा व्हिडिओ कोण बघणार? मग पडदा भरायला बैठका येतात, कंबर उचलणं येतं, पोटाचे व्यायाम येतात. बघायला छान, पण मूळ कामाशी त्यांचा संबंध थोडा. टाके ताजे असताना पोटावर जोर देणारे प्रकार तर नकोच.

म्हणून व्हिडिओ बघताना चित्रापेक्षा शब्दांकडे कान द्या. नेमकं काय आवळायला सांगताहेत? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी पुरुषांना वेगवेगळ्या सूचना देऊन आत काय हलतं ते सोनोग्राफीवर पाहिलं, आणि 2016 साली ते प्रसिद्ध केलं. ‘गुदद्वाराभोवती आवळा’ म्हटलं की मागचा, शौचाचा स्नायू जास्त काम करतो. ‘मूत्राशय वर उचला’ म्हटलं की पोटाचे स्नायू ताणले जातात आणि पोटातला दाब वाढतो. लघवी रोखणारा पुढचा स्नायू सगळ्यात चांगला हलला तो ‘लिंग आत ओढून आखूड करा’ या सूचनेने. ऐकायला संकोच वाटतो खरा, पण काम त्याच वाक्याने होतं. संकोचापोटी व्हिडिओत नेमकं हेच वाक्य गाळलं जातं आणि ‘खालचा भाग आवळा’ असं मोघम बोललं जातं.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी 1948 साली हे व्यायाम मांडले ते बाळंतपणानंतरच्या बायकांसाठी. आजही ‘केगेल’ म्हणून शोधलं की बरेचसे व्हिडिओ बायकांसाठीचेच निघतात. स्नायूंची झोळी दोघांनाही असली तरी पुरुषाची मूत्रनलिका आणि ऑपरेशननंतरची गरज वेगळी आहे. योगाच्या व्हिडिओंतली अश्विनी मुद्रा चांगलीच, पण तिचा भर मागे, गुदद्वारावर असतो. तेवढ्यावर भागेल असं समजू नका. कपालभातीसारखे पोटाला झटके देणारे प्रकार डॉक्टरांनी होकार देईपर्यंत बाजूला ठेवा.

ऑपरेशन कोणतं झालंय?

लघवी अडवायला पुरुषाला दोन झडपा असतात. एक मूत्राशयाच्या तोंडाशी, ती आपोआप चालते. दुसरी प्रोस्टेट ग्रंथीच्या खाली, ती आपण ठरवून आवळू शकतो. कॅन्सरसाठी पूर्ण ग्रंथी काढली की वरच्या झडपेचा आधार बराचसा जातो आणि सगळा भार खालच्या झडपेवर येतो. म्हणून खोकताना, शिंकताना, खुर्चीतून उठताना लघवी गळते. आडवं पडल्यावर बऱ्याच जणांचं गळणं थांबतं, आणि संध्याकाळी स्नायू दमला की वाढतं. वाढलेली ग्रंथी मूत्रनलिकेतून दुर्बिणीने खरवडून काढली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बाहेरून टाके नसतात, पण आत जखम असते. तिची खपली साधारण दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सुटताना लघवीत पुन्हा रक्त दिसू शकतं. त्या दिवसांत जोरकस व्यायाम केला तर त्रास वाढतो.

‘प्रोस्टेट ऑपरेशननंतरचे व्यायाम’ एवढंच नाव असलेला आणि कोणतं ऑपरेशन, कितवा आठवडा हे न सांगणारा व्हिडिओ आम्ही तिथेच बंद करतो. नळी आत असताना स्नायू आवळायचे नाहीत, हे सुरुवातीलाच सांगणारा व्हिडिओ मिळाला तर तो माणूस जाणकार आहे असं समजायला हरकत नाही.

सोडणं राहून जातं

आमच्या मते व्हिडिओंमधला सगळ्यात मोठा दोष हा. ‘आवळा, धरा, आवळा, धरा’ एवढंच ऐकू येतं. स्नायू जितका वेळ आवळला, निदान तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायला हवा. न सोडता पुन्हा आवळत गेलं की तो दमतो, आखडतो, ओटीपोटात किंवा बैठकीच्या जागी दुखू लागतं, आणि गळणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. मग माणसाला वाटतं, आपण कमी पडतोय, आणि तो दुप्पट करायला लागतो. ‘दिवसाला तीनशे वेळा करा’ असं सांगणारे व्हिडिओ बघितले की आम्हाला कपाळाला हात लावावासा वाटतो.

साधारणपणे दिवसातून 3 वेळा, दर वेळी 8 ते 12 आवळणं पुरतं. सुरुवातीला 3–4 सेकंद धरता आलं तरी चालेल, हळूहळू 10 सेकंदांपर्यंत जायचं. सोबत काही झटपट आवळणं-सोडणंही हवं, कारण शिंक सांगून येत नाही. श्वास चालू हवा, मांड्या आणि नितंब सैल हवेत. लघवी करताना धार मध्येच थांबवणं हे स्नायू ओळखण्यासाठी एखाद्या वेळी ठीक आहे, पण तोच रोजचा व्यायाम करू नका. त्यामुळे मूत्राशय पूर्ण रिकामं व्हायची सवय बिघडू शकते.

आणि घरच्या घरी आरशात एक तपासणी करता येते. उभे राहून आवळलं तर लिंगाचं मूळ किंचित आत जाताना आणि वृषण थोडं वर उचललेलं दिसायला हवं. पोट फुगत असेल, खाली जोर लागत असेल, तर काम उलटं चाललंय.

लाखो लोकांनी बघितलेला म्हणून…

प्रोस्टेट कॅन्सरवरचे यूट्यूबवरचे पहिले 150 व्हिडिओ तपासून संशोधकांनी 2019 साली ‘युरोपियन युरॉलॉजी’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. त्यातल्या 77 टक्के व्हिडिओंमध्ये किंवा त्याखालच्या प्रतिक्रियांमध्ये दिशाभूल करणारा किंवा एकांगी मजकूर आढळला. शास्त्रीय दर्जा आणि लोकप्रियता यांचं नातं तर उलटं निघालं. हा अभ्यास फक्त व्यायामाच्या व्हिडिओंचा नव्हता, पण बघणाऱ्यांचा आकडा कशाची खात्री देतो आणि कशाची नाही, ते त्यातून कळतं.

आरोग्य-माहितीचा दर्जा मोजायला ‘डिसर्न’ नावाची 16 प्रश्नांची पद्धत बरीच वापरली जाते. ती मुळात छापील माहितीसाठी बनवलेली. माहिती कुठून घेतली, धोके सांगितले का, हे त्यात बघतात. सूचना योग्य स्नायूपर्यंत पोहोचते का, हे त्यात मोजलं जात नाही. ‘सात दिवसांत लघवीवर ताबा’ असं म्हणणारे व्हिडिओ मात्र कुठल्याही पद्धतीशिवाय ओळखता येतात. पूर्ण ग्रंथी काढल्यावर ताबा यायला बऱ्याच जणांना काही महिने लागतात आणि वर्षभर सुधारणा होत राहते.

व्हिडिओ बंद करा, डॉक्टरांना फोन करा

लघवी पूर्ण अडली, रक्ताच्या गाठी पडू लागल्या, ताप आला किंवा एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली तर त्याच दिवशी. छातीत दुखलं किंवा दम लागला तर थेट दवाखान्यात.

आमच्याकडे येताना

तुम्ही करत असलेला व्हिडिओ मोबाईलवर घेऊन या. आम्ही हसणार नाही, आणि टाकाऊ आहे म्हणून सरसकट बंदही करणार नाही. त्यातला एखादा भाग तुमच्या उपयोगाचा असेल तर तोच पुढे चालू ठेवू. शक्य असेल तर एका पूर्ण दिवसाचे वापरलेले पॅड स्वयंपाकघरातल्या नव्हे, वेगळ्या वजनकाट्यावर मोजून एकूण वजन लिहून आणा आणि त्यातून कोऱ्या पॅडांचं वजन वजा करा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजलं की व्यायाम लागू पडतोय की नाही, ते तो आकडाच दाखवेल.