टस्कनी: अर्धेलीने घडवलेला देखावा

गव्हाचे उतार, टेकडीवर एकटंच दगडी घर आणि घरापर्यंत गेलेली सायप्रसच्या झाडांची रांग. कॅलेंडरवरची ही टस्कनी बहुतेकांच्या ओळखीची असते. मध्य इटलीतल्या या प्रदेशाला हे रूप निसर्गाने आयतं दिलेलं नाही. ते आलं 'मेत्झाद्रिया' नावाच्या करारातून, म्हणजे आपल्या अर्धेलीतून. जमीन आणि घर मालकाचं, राबायचं कुळाने, पीक निम्मं-निम्मं.

मध्ययुगात फ्लॉरेन्स आणि सिएनाचे व्यापारी लोकरीवर आणि पेढ्यांवर गबर झाले आणि त्यांनी आसपासच्या जमिनी घेतल्या. सिएनाच्या नगरभवनात अंब्रोजो लोरेन्झेत्तीने 1338-39 मध्ये काढलेलं भित्तिचित्र आहे. त्यात वेशीबाहेरची शेतं, वेलींच्या ओळी, शहराकडे डुक्कर हाकत निघालेला माणूस, सगळं दिसतं. दहाच वर्षांत, 1348 मध्ये प्लेग आला. सिएनाच्या कॅथेड्रलचा विस्तार अर्ध्यावर राहिला, तो कायमचाच. पुढे 1555 मध्ये सिएना फ्लॉरेन्सच्या मेदिची राजघराण्याच्या फौजांपुढे नमली.

अर्धेली मात्र टिकली. कुळाच्या अख्ख्या कुटुंबाने शेतावरच राहायचं, ही त्यातली अट. टेकडीवरचं ते एकटं घर त्यामुळेच आलं. खायचं-प्यायचं सगळं त्याच तुकड्यातून काढायचं, म्हणून मेपलच्या झाडांवर चढवलेले द्राक्षवेल, मधल्या पट्ट्यात गहू, बांधाला ऑलिव्ह. घरातल्या लग्नालाही मालकाची संमती लागे. कॅलेंडरवरच्या चित्रात हे दिसत नाही.

युरोपातले हौशी प्रवासी यायचे ते फ्लॉरेन्समधली चित्रं आणि शिल्पं बघायला. शेतं वाटेत लागत, एवढंच. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना असेच फ्लॉरेन्सला थांबले आणि नोव्हेंबर 1870 मध्ये तिथेच वारले. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. तिथली त्यांची छत्री आजही आहे, आणि जवळच्या पुलाला लोक 'इंडियनचा पूल' म्हणतात.

खेड्यांचं आकर्षण वाढलं ते खेडी ओस पडल्यावर. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळांची पोरं कारखान्यांकडे गेली. 1964 च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद केले, पण तोवर बरीच घरं रिकामी झाली होती. आपल्याकडे कूळकायद्याने कुळं जमिनीची मालक झाली. तिथे बरीच कुळं जमीन सोडूनच गेली. काही शेतांवर सार्डिनिया बेटावरून मेंढपाळ आले. पिएन्झा गावच्या ज्या मेंढीच्या चीजसाठी आज पर्यटक दुकानांत गर्दी करतात, त्यातलं बरंचसं या मेंढपाळांच्या कष्टाचं आहे. उरलेली घरं शहरी लोकांनी आणि परदेशी लोकांनी घेतली. 1985 मध्ये कृषी पर्यटनाचा कायदा झाला आणि कुळाच्या गोठ्यात पाहुण्यांच्या खोल्या निघाल्या.

आणखी एक गंमत. टस्कनीच्या दक्षिणेतल्या वाल दोर्चा या खोऱ्याच्या फोटोंत हमखास दिसणारा नागमोडी सायप्रसचा रस्ता पुरातन वाटतो, पण तो दोन महायुद्धांमधल्या काळातला आहे. ला फोचे इस्टेटीच्या मालकांनी उजाड चिकणमातीची जमीन लागवडीखाली आणताना तो करवून घेतला. याच वाल दोर्चाला 2004 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, आणि तोही माणसाने घडवलेला भूप्रदेश म्हणून.