इंत्रूजचा पेला: कार्निव्हल, बोंडू आणि फेणी

गोव्याच्या कार्निव्हलचं घरगुती नाव इंत्रूज. पोर्तुगीज 'एंत्रुदु'वरून ते कोकणीत रुळलं आणि त्याच्या मुळाशी 'प्रवेश' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. प्रवेश ख्रिस्ती उपवासकाळातला. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत जिभेला आवर घालायचा, म्हणून त्याआधीचे शनिवार ते मंगळवार हे चार दिवस खाण्यापिण्याचे.

सणाची तारीख ईस्टर ठरवतो. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. त्याच्या 46 दिवस आधी राखेचा बुधवार. त्यामुळे कार्निव्हलचा मंगळवार 3 फेब्रुवारी ते 9 मार्च यांच्यात कुठंही पडतो. 2025 मध्ये तो 4 मार्चला होता, 2026 मध्ये 17 फेब्रुवारीला. पेल्याच्या दृष्टीनं हा फरक मोठा आहे, कारण काजूची बोंडं साधारण फेब्रुवारीअखेरीस भरात येऊ लागतात. इंत्रूज उशिरा आला तरच नवी उर्राक, म्हणजे बोंडांच्या रसाची पहिल्या धारेची सौम्य दारू, हाती लागते. लवकर आला, तर गेल्या हंगामाची फेणी काढायची. फेब्रुवारीच्या मध्यालाच 'ताजी उर्राक' म्हणून कुणी बाटली पुढं केली, तर ती कुठल्या भाटीची, म्हणजे दारू गाळायच्या भट्टीची, आहे ते जरूर विचारावं.

1510 मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला आणि त्यांच्याबरोबर एंत्रुदु आला. त्यात मिरवणूक नव्हती. एकमेकांवर पाणी, पीठ, अंडी फेकण्याचा तो दंगा होता. गावांनी त्याला आपलं रूप दिलं. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत अंगणा-अंगणात खेळ रंगले, दिवाडी बेटावरच्या मळार गावात मुखवटे घातलेले पोतेकार फिरू लागले, चांदरला मुसळ घेऊन मुसळ खेळ होतो. इंत्रूजचा जीव गावोगावच्या या खेळांत आहे, आणि पणजीची मिरवणूक पाहून परतणाऱ्यांना तो दिसतच नाही.

पोर्तुगीज राजवटीच्या अखेरीस शहरातला उत्साह ओसरला होता. मुक्तीनंतर, 1965 मध्ये, तिमोतेओ फर्नांडिस यांनी रिओच्या धर्तीवर चित्ररथांची मिरवणूक सुरू केली आणि पहिले किंग मोमो, म्हणजे कार्निव्हलचे राजे, तेच झाले. 'खा, पिये आनी मजा कर' ही मोमोची आज्ञा तेव्हापासून दर वर्षी सुटते. म्हणजे ब्राझीलकडून गोव्यानं दोनदा घेतलं: सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून काजू, आणि चारेकशे वर्षांनी चित्ररथ. माडाची फेणी मात्र नारळाच्या सुरेपासून, म्हणजे माडीपासून, होते. तिला काजूची वाट पाहावी लागली नव्हती.

काजूच्या फेणीची सगळी गोम बोंडूत आहे. झाडावरून तोडलेलं बोंडू तुरट लागतं, म्हणून पिकून खाली पडलेलंच वेचायचं आणि त्याच दिवशी तुडवायचं. रात्रभर राहिलं तर आंबूस वास धरतं. रस आंबला की तो भाटीवर चढतो. पहिल्या धारेची ती उर्राक, साधारण 15 टक्के मद्यार्काची. तीच आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा गाळली की फेणी, सुमारे 42 टक्क्यांची. हा तिपटीच्या जवळ जाणारा फरक विसरून एकीच्या मापानं दुसरी ओतली, की संध्याकाळ फसली. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

उर्राकला फार सजवू नये. उंच ग्लासात बर्फ, 60 मिली उर्राक, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली एक हिरवी मिरची, वर लिम्का. मिरची चिरायचीच, तुकडे करायचे नाहीत. बिया सुटल्या की बोंडूचा वास जातो आणि नुसता जाळ उरतो. लिम्कात साखर असते, तेव्हा वेगळी नको. चव सरबतासारखी असल्यानं पेले मोजायचं भान राहत नाही, हा या पेयाचा खरा धोका.

फेणीसाठी ब्राझीलच्याच कायपिरिन्या या लिंबू-साखरेच्या पेयाची रीत चांगली जुळते. एका लिंबाच्या फोडी करून बिया आणि मधली पांढरी शीर काढावी, दोन चमचे साखर घालून हलकेच दाबावं. जोर लावला तर सालीचा कडवटपणा उतरतो, आणि आपल्या पातळ सालीच्या कागदी लिंबाला तो लगेच येतो. मूळ पेयात कशासा ही उसाच्या रसाची दारू 60 मिली असते. फेणीचा वास चढा, म्हणून 45 मिली पुरते. वर भरपूर बर्फ.

कोकम घ्यायचं तर 45 मिली फेणीला 30 मिली कोकम सरबताचा गोड अर्क, 10 मिली लिंबाचा रस आणि 90 मिली थंड सोडा. सोडा शेवटी, ग्लासाच्या कडेनं. आधी ओतून ढवळला की बुडबुडे जातात. अर्काऐवजी आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरलं तर ते निम्मं घ्यावं, एक चमचा साखर घालावी आणि मीठ मुळीच घालू नये, आगळात ते असतंच. कोकमाचा आंबटपणा फेणीच्या उग्र वासापुढं उभा राहतो; दूध किंवा मलईचं पेय तिथं टिकत नाही.

उर्राक पुढच्या इंत्रूजसाठी राखून ठेवू नये, तिचा वास काही महिन्यांत उतरतो. फेणी काचेच्या बाटलीत घट्ट बूच लावून उन्हापासून दूर ठेवली, तर पुढचा मोमो गादीवर बसेपर्यंत ती अधिक मऊ झालेली असते.