खेळण्यातला टँकर, खरं गुरुत्वाकर्षण

‘द टर्मिनेटर’ संपत येतो तेव्हा तेलाचा एक टँकर उडतो. आगीचा लोळ पडदाभर पसरतो आणि आपण खुर्चीत नकळत मागे सरकतो. रस्त्यावर धावणारा टँकर खरा होता, फुटला तो मात्र छोटा, हाताने बनवलेला. १९८४ सालचा हा सिनेमा साधारण ६४ लाख डॉलरांत उरकला होता. हॉलिवूडच्या हिशेबात ही चिल्लरच.

त्याच दशकात कॅसेटवरून घरोघरी पोचलेल्या आणखी स्वस्त विज्ञानपटांतही इमारती कोसळायच्या, अवकाशयानं आपटायची. पण ती बघून हसू फुटायचं. पुठ्ठा रंगवण्यात कारागीर कमी पडला, असं आपल्याला वाटतं. बहुतेकदा रंग ठीकच असतो, घोटाळा पडण्याच्या वेगात असतो.

वस्तू पडायला किती वेळ लागतो हे उंचीच्या वर्गमूळावर ठरतं. २० मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून वीट सुटली तर जमिनीवर यायला सुमारे २ सेकंद लागतात. त्याच इमारतीची सोळापट लहान प्रतिकृती केली तर उंची सव्वा मीटर भरते आणि तिच्या गच्चीवरचा खडा अर्ध्या सेकंदात खाली येतो. इमारत लहान झाली, पण पृथ्वीने आपली ओढ काही त्या प्रमाणात कमी केली नाही. सूत्र पाठ असो वा नसो, जन्मापासून वस्तू पडताना पाहिलेल्या डोळ्याला हा अर्धा सेकंद लगेच खटकतो. आपण म्हणतो, ‘खोटं वाटतंय.’ का, ते सांगता येत नाही.

यावर उपाय सोपा आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमनी, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी दाखवतात. प्रतिकृती सोळापट लहान असेल तर सोळाच्या वर्गमूळाइतक्या, म्हणजे चौपट वेगाने, ९६ फ्रेमनी चित्रण करायचं आणि दाखवायचं मात्र नेहमीच्या २४नीच. मग तो अर्धा सेकंद पडद्यावर पुन्हा दोन सेकंदांचा होतो आणि खड्याला विटेचं वजन येतं. पण इथेच पैसा आडवा येतो. फिल्म चौपट जळते. प्रत्येक फ्रेमला उजेड मिळायचा वेळ पाव होतो, म्हणून दिवेही चौपट लागतात. शिवाय जवळून टिपलेली प्रतिकृती पुढून मागपर्यंत स्पष्ट दिसायला भिंगाचं छिद्र बारीक ठेवावं लागतं, की आणखी दिवे आले. निर्माता म्हणतो, जाऊ दे, चालवून घेऊ. आणि आपण हसतो.

पाणी तर या उपायालाही दाद देत नाही. पृष्ठताणामुळे पाण्याचे थेंब ठरावीक आकाराचेच होतात, समोर जहाज खरं आहे की बादलीतलं याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. सोळापट लहान जहाजावर उडालेला ३ मिलिमीटरचा थेंब पडद्यावर ५ सेंटिमीटरचा, लिंबाएवढा दिसतो. स्वस्त सिनेमातलं वादळ म्हणूनच टबातलं वाटतं.

टर्मिनेटरचा, म्हणजे सिनेमातल्या माणसाच्या रूपातल्या खुनी यंत्राचा, पोलादी सांगाडा लंगडत पाठलाग करतो, तिथे दोष वेगळा आहे. बाहुली थोडी हलवायची, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा हलवायची, अशी ही स्टॉप मोशनची पद्धत. खऱ्या चित्रणात एका फ्रेमसाठी कॅमेऱ्याची झडप, म्हणजे शटर, साधारण १/४८ सेकंद उघडी असते. तेवढ्यात ताशी ३६ किलोमीटरने जाणारी मोटार २० सेंटिमीटर पुढे सरकते आणि चित्रात पुसट फराटा उमटतो. या फराट्यामुळेच हालचाल सलग वाटते. बाहुली मात्र प्रत्येक फ्रेममध्ये ठार स्थिर असते. फराटा नाही, म्हणून झटके. चित्रण चालू असतानाच मोटरने बाहुली हलवायचं तंत्र तोवर आलेलं होतं, पण ते महागडं. मला विचाराल तर इथे गरिबी पथ्यावर पडली. गुळगुळीत चालणाऱ्या सांगाड्यापेक्षा हा अडखळणारा जास्त अंगावर येतो, कारण माणूस तसा चालत नाही.

अशा जुगाडाचा माझा सगळ्यात आवडता नमुना १९८१च्या ‘एस्केप फ्रॉम न्यू यॉर्क’मधला. नायकाच्या ग्लायडरमधल्या पडद्यावर शहराचं संगणकी रेखाचित्र दिसतं, चकाकत्या रेषांच्या इमारती. संगणकाकडून असं चित्र काढून घेणं तेव्हा परवडत नव्हतं. म्हणून शहराची प्रतिकृती काळी रंगवली, इमारतींच्या कडांवर चमकणारी पट्टी चिकटवली आणि त्यातून कॅमेरा फिरवला. आज संगणक खऱ्याची नक्कल करतो, तेव्हा खरी वस्तू संगणकाची नक्कल करत होती! त्या विशेष दृश्यांच्या चमूत जेम्स कॅमेरॉन होता. तीन वर्षांनी टर्मिनेटर त्यानेच केला. त्याच्या त्या २०२९ सालातून आलेल्या यंत्राच्या नजरेत जी अक्षरं सरकतात, त्यांत ॲपल टू या घरगुती संगणकाच्या ६५०२ चिपसाठी लिहिलेला प्रोग्रॅम आहे. चिप १९७५ची.

आता फिल्म आणि दिव्यांचा तो खर्च मोबाइलने संपवलाय. घरात चाळीसेक सेंटिमीटरचा, खऱ्याहून साधारण सोळापट लहान, खेळण्यातला ट्रक असेल तर टेबलावरून ढकला, १२० फ्रेमनी टिपा आणि ३० फ्रेमनी बघा. पाऊण मीटरच्या टेबलावरून पडलेला ट्रक बारा मीटरच्या कड्यावरून कोसळल्यासारखा दीड सेकंद हवेत राहील. खाली पाण्याची परात मात्र ठेवू नका, थेंब चुगली करतील.