झोपलेला टॅब म्हणजे बुकमार्कच

‘पीसी हँग होतोय? टॅब बंद कर आधी!’ हा सल्ला निम्माच खरा आहे.

विंडोजवर क्रोम उघडून शिफ्ट धरा आणि एस्केप दाबा. कोणता टॅब किती मेमरी अडवून बसलाय, त्याची यादीच समोर येते. २००८ साली क्रोम आलं तेच टॅबना वेगवेगळ्या प्रोसेस (एकमेकांपासून स्वतंत्र चालणारी कामं) देऊन, म्हणजे एक कोसळला तरी बाकीचे शाबूत. २०१८ च्या जानेवारीत एका साइटला दुसरीचा डेटा चोरू देऊ शकणारी, प्रोसेसरमधली ‘स्पेक्टर’ ही फट जाहीर झाली आणि त्याच वर्षी पानात घुसलेल्या परक्या साइटच्या चौकटीलाही, मग ती जाहिरात का असेना, वेगळी प्रोसेस मिळू लागली. सुरक्षितता वाढली, पण मेमरीही जास्त लागू लागली.

मात्र मेमरी कमी पडली की २०१५ पासून क्रोम पडून राहिलेले टॅब स्वतःच रिकामे करतं, म्हणजे झोपवतं. वर नाव आणि चिन्ह दिसत राहतं, आत पान नसतं. उरतो पत्ता, मागे-पुढे गेल्याची नोंद आणि कुठवर स्क्रोल केलं होतं ते. क्लिक केलं की पान पुन्हा लोड होतं. गाणं वाजणारा किंवा फॉर्म अर्धवट भरलेला टॅब सहसा वगळला जातो. ‘रॅम बूस्टर’ म्हणून मिरवणारी बरीचशी एक्स्टेन्शन्स हेच करतात, वर सगळी पानं वाचायची परवानगी मागतात!

आता बुकमार्क. क्रोमच्या फाइलमध्ये त्याचं नाव, पत्ता आणि जोडल्याची वेळ असते. ती वेळ मोजतात १ जानेवारी १६०१ पासूनच्या मायक्रोसेकंदांत, म्हणजे शिवजन्माच्याही आधीपासून. विंडोजकडून आलेली पद्धत. ग्रेगोरियन कॅलेंडरचं ४०० वर्षांचं चक्र तिथे सुरू होतं.

थोडक्यात, रिकामा झालेला टॅब आणि बुकमार्क यांत साठवलेला ऐवज जवळपास सारखाच. फरक एवढाच, की टॅब डोळ्यांसमोर राहतो. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात लोकांनी हेच सांगितलं: टॅब आठवणीसाठी ठेवतो, बंद केला की विसरूच.

समजा, सोसायटीच्या छतावर सोलर बसवायचंय. ज्या दोन-तीन कोटेशनांवर या आठवड्यात निर्णय घ्यायचा, तेवढे टॅब उघडे ठेवा. बाकीचं फोल्डरमध्ये टाका आणि बुकमार्कचं नाव बदला: ‘महावितरण’ एवढंच नको, ‘नेट मीटरिंगचा अर्ज, सेक्रेटरींची सही लागेल’ असं. टॅबवर हे लिहिता येत नाही. आणि रिकामा टॅब काय, बुकमार्क काय, दोन्हींत पान साठत नाही, नुसता पत्ता साठतो. तेव्हा अनुदानाच्या परिपत्रकाची पीडीएफ उतरवूनच घ्या.