कोळशाचा पैसा आणि तेरावे शतक: विल्यम बर्जेसची कारकीर्द

पस्तिशी गाठेपर्यंत इंग्रज वास्तुविशारद विल्यम बर्जेसला स्पर्धांत यश मिळत होते, पण इमारती उभ्या राहत नव्हत्या. फ्रान्समधल्या लील शहरातल्या कॅथीड्रलसाठी 1856 मध्ये त्याने हेन्री क्लटनबरोबर केलेला आराखडा पहिला आला, पण कॅथीड्रल त्यानुसार बांधले गेले नाही. क्रिमियाच्या युद्धाच्या स्मरणार्थ इस्तंबूलमध्ये व्हायच्या चर्चची स्पर्धाही त्याने जिंकली. ते काम शेवटी जॉर्ज एडमंड स्ट्रीट या दुसऱ्या वास्तुविशारदाकडे गेले. 1863 मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कचे सेंट फिन बार कॅथीड्रल त्याच्याकडे आले, तेव्हा कुठे हाताला मोठे काम लागले.

वडील आल्फ्रेड हे बंदरे आणि गोद्या बांधणारे सधन इंजिनियर. त्यामुळे कामाची वाट पाहण्याच्या त्या वर्षांत पोटाची चिंता नव्हती. विल्यम युरोपभर फिरला, तुर्कस्तानपर्यंत गेला आणि बांधकामाची खरी विद्या तेराव्या शतकात होती, या मताला चिकटून राहिला.

मुंबईचा धागा इथेच जुळतो. 1860च्या दशकाच्या मध्यावर त्याने मुंबईच्या स्कूल ऑफ आर्टसाठी, म्हणजे आपल्या ‘जे. जे.’साठी, आराखडा केला. तो खर्चिक होता आणि कागदावरच राहिला. पण त्या कामाच्या निमित्ताने भारतात आलेला त्याचा शिष्य विल्यम इमर्सन इथे रमला आणि त्याने क्रॉफर्ड मार्केट, आजची महात्मा फुले मंडई, उभारले. कोलकात्याचे व्हिक्टोरिया मेमोरियलही पुढे त्यानेच रचले. ‘जे. जे.’समोरून मंडईकडे चालत जाताना मला न झालेली ती इमारत दरवेळी आठवते.

बर्जेसचे नशीब पालटले ते 1865 मध्ये, ब्यूटचा तिसरा मार्क्वेस (हा बड्या सरदाराचा किताब) भेटला तेव्हा. हा मार्क्वेस, जॉन क्राइटन-स्ट्यूअर्ट, तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा होता. वडील वारले तेव्हा तो जेमतेम सहा महिन्यांचा होता, आणि त्या तान्ह्या वयातच सारी जहागीर त्याच्या नावावर झाली. वडिलांनी कार्डिफला गोदी बांधली होती. दक्षिण वेल्सचा कोळसा तिथून जगभर जाई आणि त्याच्या उत्पन्नावर हा मुलगा जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत गणला जाई. आल्फ्रेड बर्जेस ज्या कंपनीत भागीदार होते, तिने कार्डिफच्या गोदीचे काम केले होते. दोन्ही घराण्यांची ओळख तिथूनच झाली असावी.

पैसा असलेले अमीर-उमराव इंग्लंडमध्ये कमी नव्हते. ब्यूट वेगळा ठरला तो त्याच्या अभ्यासामुळे. धर्मविधी, प्राचीन भाषा, मध्ययुगाचा इतिहास यांत तो बुडालेला असे. 1868 मध्ये एकविसावे वर्ष पूर्ण होऊन कारभार हाती येताच, त्याच वर्षी त्याने कॅथलिक पंथ स्वीकारला आणि उच्चभ्रू समाजात खळबळ उडवली. अशा माणसाला बर्जेसची चित्रे समजावून सांगावी लागत नसत.

कार्डिफच्या किल्ल्यात रोमन तटबंदीचे अवशेष आहेत, नॉर्मन काळातला टेकडीवरचा बुरूज आहे. बर्जेसने 1869 पासून तिथे सुमारे 150 फुटी घड्याळ-मनोरा चढवला. तेव्हा ब्यूट अविवाहित होता, म्हणून आतल्या खोल्या एकट्या पुरुषासाठी आखल्या. मनोरा घड्याळाचा, म्हणून सजावटीचा विषयही काळ: हिवाळी धूम्रपान-कक्षात ऋतू आणि आठवड्याचे वार, सर्वांत वर उन्हाळी कक्ष आणि त्याच्या फरशीवर जगाचा नकाशा. शिल्पकार थॉमस निकोल्स, चित्रकार होरेशियो लॉन्सडेल अशी माणसे वर्षानुवर्षे त्याच्या हाताखाली घडली. दाराची मूठसुद्धा विचार केल्याशिवाय बसवलेली नाही. काम संपवण्याची घाई मालकालाही नव्हती आणि वास्तुविशारदालाही. इतका निवांतपणा त्या काळच्या फार थोड्या वास्तुविशारदांना मिळाला. खर्च मात्र कोळशाच्या उत्पन्नातून चालला होता. त्या छतांवरचा सोन्याचा वर्ख पाहताना खाणीत उतरणारी माणसे मनातून जात नाहीत.

शहराबाहेरच्या टेकडीवर कॅस्टेल कॉख, म्हणजे वेल्श भाषेत ‘लाल किल्ला’, ढिगाऱ्यात पडला होता. 1871 मध्ये मलबा उपसला, 1875 मध्ये बांधकाम सुरू झाले. जुन्या पायांवर तीन गोल बुरूज आले, त्यांवर उंच शंकूसारखी छपरे. अशी छपरे ब्रिटनमध्ये होती का, या शंकेला बर्जेसने जुन्या हस्तलिखितांचे दाखले दिले, तरी खरा ओढा देखणेपणाकडे होता. मला ती छपरे आवडतात, इतिहासात बसोत वा न बसोत. उचलता येणारा पूलही त्याने करून घेतला. ब्यूट कुटुंब तिथे फारसे राहिले नाही.

त्याचे आणखी एक आश्रयदाते म्हणजे रिपन दांपत्य. यॉर्कशायरमधल्या त्यांच्या स्टडली रॉयल या जहागिरीत बर्जेसने चर्च बांधले. हेच लॉर्ड रिपन 1880 मध्ये व्हाइसरॉय होऊन भारतात आले आणि स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी आपल्याकडे ओळखले गेले.

20 एप्रिल 1881 रोजी, 53व्या वर्षी, बर्जेस लंडनमधल्या स्वतः बांधलेल्या ‘टॉवर हाउस’मध्ये वारला. कॅस्टेल कॉखच्या आतल्या खोल्या तेव्हा अपुऱ्या होत्या; त्याच्याच सहकाऱ्यांनी त्या पुढच्या दहा वर्षांत पुऱ्या केल्या. कार्डिफच्या किल्ल्यात तो शेवटी ‘अरब रूम’वर काम करत होता. तिच्या छतावर मधाच्या पोळ्यासारख्या सोनेरी कमानींचे थर आहेत. तिथल्या शेकोटीवर ब्यूटने आपल्या नावासोबत बर्जेसचे नाव आणि 1881 हे साल कोरून घेतले.