छोटा पडदा आणि पुण्याच्या नगरसेविका

दूरचित्रवाणीवरचे राजकीय कार्यक्रम पाहून स्त्रिया राजकारणाकडे वळल्या, असे सरसकट म्हणण्याची पद्धत आहे. पुण्याचा इतिहास मात्र त्याला पुरता दुजोरा देत नाही. १९५२ साली पुणे दक्षिण मतदारसंघातून इंदिरा मायदेव लोकसभेवर निवडून गेल्या, तेव्हा या शहराने दूरचित्रवाणी पाहिलेलीही नव्हती.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे ते पुण्यात दिसू लागले. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांचे महागाईविरोधी लाटणे मोर्चे त्याच सुमाराचे. परंतु सरकारी नियंत्रणाखालच्या त्या एकमेव वाहिनीवर सरकारला जाब विचारणाऱ्यांना फारशी जागा नव्हती, आणि त्यांची कीर्ती पसरली ती वर्तमानपत्रांतून व सभांमधून.

स्त्रिया महापालिकेत मोठ्या संख्येने आल्या त्या आरक्षणामुळे. ७४ व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा राखीव झाल्या, २०११ मध्ये राज्याने हे प्रमाण निम्म्यावर नेले, आणि २०१७ च्या निवडणुकीत पुण्यातील १६२ पैकी ८१ जागा स्त्रियांसाठी होत्या. दरम्यान २००७ पासून चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्या आल्या. त्यांच्या रात्रीच्या चर्चांत कोणी बसायचे हे पक्ष ठरवतात, आणि तिथे बहुधा पुरुष प्रवक्तेच दिसत आले. पालिकेच्या मुख्य सभेत पाणीपुरवठ्यावर तासभर अभ्यासपूर्ण बोलणाऱ्या नगरसेविकेकडे कॅमेरा क्वचितच वळतो. तीच रिकामा हंडा घेऊन महापौरांच्या आसनासमोर उभी राहिली, की बातमी होते. हे नगरसेविकांनी लवकर ओळखले, यात त्यांचा दोष कसला?

प्रभागांच्या राजकारणावर खरा ठसा उमटवला तो, थोडे गमतीचे वाटेल, बातम्यांनी नव्हे तर ‘होम मिनिस्टर’ने. २००४ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाची नक्कल करून इच्छुक उमेदवारांनी गल्लोगल्ली ‘खेळ पैठणीचा’ भरवले. राजकीय सभेला न येणाऱ्या बायका शेजारणींसह तिथे येऊ लागल्या, त्यांची नावे आणि फोन क्रमांक कार्यकर्त्यांच्या वहीत उतरले, आणि हळदीकुंकवापुरता मर्यादित असलेला संपर्क मतदारयादीपर्यंत पोहोचला. व्यासपीठामागच्या फ्लेक्सवर अनेकदा पतिराजांचाच फोटो मोठा असे, हेही खरे. कारण सोडतीत प्रभाग महिलांसाठी राखीव निघाला, तरच उमेदवारी पत्नीकडे जाणार होती.

२०१७ च्या चार सदस्यीय प्रभागांनी हे गणित आणखी बदलले. प्रभाग इतके विस्तारले की घरोघर फिरून ओळख करून देणे अवघड झाले, आणि आधीपासून परिचित असलेल्या चेहऱ्याची किंमत वाढली. असा चेहरा घडवायला पैसा आणि पक्षाची मर्जी लागते. वस्तीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्या साध्या कार्यकर्तीकडे ही दोन्ही सहसा नसतात.