८४व्या विजयाची किंमत

२८ सप्टेंबर २०२५. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या साखळी हंगामाचा शेवटचा दिवस. न्यूयॉर्क मेट्स मायामीत ४-० असे हरले आणि १६२ सामन्यांत ८३ विजयांवर अडकले. सिनसिनाटी रेड्सचेही ८३च होते, पण आपसातल्या लढतींत रेड्स सरस ठरल्यामुळे बाद फेरीत ते गेले. त्या वर्षी मेट्सने खेळाडूंच्या पगारावर ३० कोटी डॉलरहून जास्त खर्च केला होता. एकट्या हुआन सोटोशी १५ वर्षांसाठी ७६.५ कोटींचा करार होता. रेड्सचा खर्च याच्या निम्म्याहूनही कमी.

मग पैसा ओतून उपयोग नाही म्हणायचं? त्याच वर्षी विजेतेपद सलग दुसऱ्यांदा पटकावलं लॉस एंजेलिस डॉजर्सनी, आणि त्यांचा खर्चही मेट्सच्याच पंगतीतला होता. अशी एकेक उदाहरणं फेकत बसलो तर वाद वर्षभर चालेल, हाती काही लागणार नाही.

आयपीएलच्या लिलावात सगळ्या संघांना खर्चाची मर्यादा सारखीच असते. २०२५साठी ती १२० कोटी रुपये होती. बेसबॉलमध्ये असा अडसर नाही. ठरावीक आकड्यापुढे गेलात तर जादा कर भरा, एवढंच. त्यामुळे सर्वांत खर्चिक संघ सर्वांत काटकसरी संघाच्या चौपटीहून जास्त खर्च करतो. विजय मात्र चौपट होत नाहीत.

याचं एक कारण निव्वळ गणिती आहे. समजा, एखादा संघ अगदी सामान्य आहे, प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ५० टक्के. सरासरीने त्याने ८१ सामने जिंकावेत. पण नाणं १६२ वेळा उडवलं तर छापा बरोबर ८१ वेळाच येतो असं नाही. संख्याशास्त्रात हा फरक प्रमाण विचलनाने मोजतात आणि इथे ते सुमारे ६ विजयांचं येतं. म्हणजे एकही खेळाडू न बदलता संघ एका वर्षी ७५ आणि दुसऱ्या वर्षी ८७ सामने जिंकला, तर त्यात नवल काही नाही. वर्तमानपत्रं मात्र पहिल्या वर्षी प्रशिक्षकाला हाकलायला सांगतात आणि दुसऱ्या वर्षी त्याची मुलाखत छापतात.

दुसरं कारण पगाराच्या नियमांत आहे, आणि ते जास्त मजेदार आहे. पिट्सबर्ग पायरेट्सचा पिचर (चेंडू फेकणारा, म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज) पॉल स्कीन्स घ्या. २०२५मध्ये दर ९ डावांमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, त्याच्या खाती सरासरी २ रनही लागले नाहीत. नॅशनल लीगमधल्या (मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एक) सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्यालाच मिळाला. पगार? १० लाख डॉलरपेक्षा कमी. २०२३च्या हंगामासाठी जस्टिन व्हर्लँडर या चाळिशीतल्या पिचरला मेट्सने वर्षाला ४.३३ कोटी देऊ केले होते. खेळाडूला फ्री एजंट होऊन खुल्या बाजारात भाव करायला साधारण सहा वर्षांची सेवा लागते, आणि पहिली तीन वर्षं तो बहुधा किमान वेतनाच्या आसपासच खेळतो. म्हणजे पगाराचा आकडा खेळाडूचं वय जास्त सांगतो, कसब कमी.

इतका स्वस्त हिरा असूनही पायरेट्स ७१ विजयांसह आपल्या गटात तळाला राहिले. बेसबॉलमध्ये सामन्याचा जय-पराजय एकेका पिचरच्या नावावरही मांडतात; स्कीन्सच्या स्वतःच्या नावावर १० विजय आणि १० पराभव! तो रन देत नव्हता, पण त्याचे सहकारी काढतही नव्हते.

आता हिशेब करू. विश्लेषकांचा ढोबळ ठोकताळा असा, की हंगामात १० रन जास्त काढले किंवा वाचवले की एक विजय वाढतो, आणि खुल्या बाजारात एका जादा विजयाचा भाव ८० लाख ते १ कोटी डॉलरच्या घरात पडतो. पायरेट्सना ७१वरून ८३वर जायला १२ विजय हवेत, म्हणजे सुमारे १० ते १२ कोटी. त्यांचा २०२५चा पगारखर्च दुप्पट करण्यासारखं आहे हे. आणि त्यातले अर्धेच पैसे खर्चून ७७वर पोहोचलं, तर बाद फेरी नाहीच. मेट्सना मात्र फक्त एक विजय कमी पडला. ७२वा विजय आणि ८४वा विजय यांचा बाजारभाव एकच, मोल मात्र अजिबात एक नाही. माझ्या मते ‘संघाने जास्त खर्च करावा का’ या प्रश्नाला ‘सध्या किती विजयांवर आहात’ हे विचारल्याशिवाय उत्तरच देता येत नाही.

बाद फेरीत पोहोचल्यावर पुन्हा नशीब आडवं येतं. प्रत्येक सामना जिंकण्याची ५५ टक्के शक्यता असलेला, म्हणजे चांगलाच सरस संघसुद्धा सातपैकी चार जिंकण्याची मालिका सुमारे ६१ टक्के वेळाच जिंकतो. विजेतेपदासाठी किमान पाच सामन्यांची एक आणि सात सामन्यांच्या दोन मालिका ओळीने जिंकण्याची शक्यता उरते जेमतेम २२ टक्के. २०२५मध्ये सर्वाधिक ९७ विजय मिळवणाऱ्या मिलवॉकी ब्रुअर्सना डॉजर्सनी ४-० असं गारद केलं.

मालकांचं गणित याहून वेगळं आहे. संघांच्या स्थानिक उत्पन्नाचा जवळजवळ अर्धा हिस्सा एकत्र करून सर्वांत सारखा वाटला जातो, शिवाय राष्ट्रीय प्रसारणाचे पैसे मिळतात ते वेगळे. हरलात तरी हा पैसा येतोच. पगारावर किमान अमुक खर्च कराच, अशी सक्तीही नाही. त्यामुळे पिट्सबर्गचे प्रेक्षक मालकाच्या नावाने बोटं मोडतात, त्यात मला तरी अतिशयोक्ती वाटत नाही.

स्कीन्स २०२९चा हंगाम संपला की फ्री एजंट होईल. चांगले हिटर (फलंदाज) विकत घ्यायचे असतील तर पायरेट्सनी त्याच्या आत घ्यावेत. २०३०मध्ये तेवढीच रक्कम काढली, तर त्यातली निम्मीशिम्मी स्कीन्ससारखा पिचर शोधण्यातच जाईल.